वल्हं आपल्या मापाचं!

'वल्हं ते वल्हं, त्यात निवडायचं काय?' असं कुणी म्हटलं, की मी उलट प्रश्न विचारते. 'तुमच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा कुणाच्या मापाचा आहे हो?' उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. गवंड्याने बांधला, त्याच्या अंदाजाने! मग त्या ओट्यासमोर उभी राहणारी बाई उंच असली तर तिची कंबर धरते आणि बुटकी असली तर पोळ्या लाटताना खांदे कानापर्यंत चढतात. वीस-पंचवीस वर्षं ती हे दुखणं 'वयाचं' म्हणून सोसते. ओट्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आज या बाईला ओट्यावरून वल्हं कुठून आठवलं? सांगते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांमधून 'कयाक' नावाची लांबट, हलकी होडी आता जागोजागी दिसू लागली आहे. एक किंवा दोन माणसं बसतात, तोंड पुढे करून, पाय पसरून. हातात एकच लांब दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना पाती. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे मारत पुढे जायचं. इंजिन नाही, आवाज नाही, धूर नाही. त्यामुळे कांदळवनातल्या अरुंद वाटांतूनही जाता येतं आणि खंड्या उडून जात नाही. पर्यटकांना हे आवडतं, आणि जिथे पर्यटक तिथे चार पैसे! वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली आणि स्वतः वल्ही हातात घेतली. त्यांचं पाहून आसपासच्या कितीतरी गटांच्या मनात आलं, आपल्याला का जमू नये?

मी ज्या गटाबरोबर काम करते, त्या गटातल्या दहा जणींच्याही मनात हेच आलं. या बायका खाडीच्याच. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या आणि कालवं काढत आयुष्य गेलेलं. कुठे पाय रुतेल, कुठे खडक आहे, कुठे पाणी ओढ घेतं, हे त्यांच्या पायांना ठाऊक. पण होडी पुरुषांची अन् टोपली बायकांची, ही वाटणी पिढ्यान् पिढ्यांची. त्यामुळे वल्हं मात्र कुणीच हातात घेतलेलं नाही.

कर्ज काढून कयाक आल्या. त्यांच्याबरोबर वल्ही आली. सगळी एकसारखी. अडीच मीटर लांब, जाड दांड्याची, सुपासारख्या रुंद पात्याची. आणि ती मारणाऱ्या आमच्या बायका? त्यांच्यातली निम्म्याहून जास्त पाच फुटांच्या आतली! पंधरा दिवसांत कुणाचं मनगट सुजलं, कुणाचा खांदा वर होईना. एका काकींना तर वेणी घालायला सुनेची मदत घ्यावी लागली. दोघींनी यायचं बंद केलं. बंदरावरच्या कट्ट्यावरून शेरे सुरू झाले, 'ह्यां काय बायकांचां काम न्हय!' दिवाळीचा मोसम तोंडावर आलेला, बँकेचा हप्ता डोक्यावर. अखेर गटाच्या बैठकीत प्रस्ताव आला की होड्या कंत्राटाने मुलग्यांना चालवायला द्याव्यात आणि आपण त्यांना चहा-नाश्ता करून द्यावा. म्हणजे पुन्हा चूलच!

निर्णयाला आठ दिवसांची मुदत घेतली आणि गोव्याहून एक प्रशिक्षक मुलगी दोन दिवसांसाठी बोलावली. पंचविशीतली, काटकुळी. तिने पहिल्या दिवशी कुणालाच पाण्यात उतरवलं नाही. सगळी वल्ही वाळूत ओळीने मांडली, बायकांना त्यांच्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, 'दुखणं तुमच्या खांद्यात नाही, या दांड्यात आहे.' 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण आपण दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतो. पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं! त्या दोन दिवसांत जे शिकले, पाहिलं आणि नंतर खाडीत अनुभवलं, ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

एक वाव आणि एक हात

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची होडी. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलच्या कातड्याचं आवरण. शिकारीला पुरुष जात, पण ते कातडं कमावणं आणि पाण्याचा थेंब आत येणार नाही असं शिवणं हे बायकांचं काम होतं. त्या बर्फाळ पाण्यात टाका चुकला तर माणूस गेलाच. म्हणजे होडी ज्याच्या नावाची, त्याचा जीव मात्र घरच्या बाईच्या सुईवर! ग्रीनलंडमध्ये 'उमियाक' नावाची दुसरी, मोठी होडी असे. मुलं-माणसं, सामानसुमान घेऊन मुक्काम हलवायची ती होडी. ती बायका वल्हवत, आणि तिला 'बायकांची होडी' असंच म्हटलं जाई.

या लोकांची माप घेण्याची पद्धत ऐकून मी चकितच झाले. ग्रीनलंडमध्ये वल्हं दुकानातून येत नसे, ज्याचं त्याच्या अंगाच्या मापाने घडवलं जाई. दोन्ही हात आडवे पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेवढी लांबी, त्यात कोपरापासून बोटांपर्यंतची लांबी मिळवायची. आपल्या भाषेत सांगायचं तर एक वाव आणि एक हात! आपल्या आज्या सुंभ आणि दोर याच मापाने मोजायच्या की! पात्याची रुंदी किती? तर मुठीत मावेल एवढीच. कुठे ग्रीनलंड अन् कुठे आपली खाडी, पण शहाणपण एकच. हत्यार माणसाच्या मापाचं हवं, माणूस हत्याराच्या मापाचा नव्हे.

लांबी, वजन आणि पातं

आजच्या कयाक त्या जुन्या होड्यांपेक्षा पुष्कळ रुंद असतात, म्हणून नुसतं वाव-हाताचं माप पुरत नाही. आता दोन गोष्टी पाहायच्या, आपली उंची आणि होडीची रुंदी. होडी रुंद असेल तर पाण्यापर्यंत पोचायला वल्हं लांब लागतं. होडी ६० सेंटिमीटरच्या आत असेल आणि बाई पाच फुटांच्या आसपास, तर २१० ते २१५ सेंटिमीटरचं वल्हं बरं पडतं. ६० ते ७० सेंटिमीटर रुंद होडीला २२०, आणि पर्यटकांसाठी वापरतात त्या पाऊण मीटर किंवा त्याहून रुंद होड्यांना २३० ते २४०. आमच्याकडे आलेली होती २५०! लांब वल्ह्याने काय होतं? पातं होडीपासून लांब पडतं, होडी सरळ जाण्याऐवजी नाक फिरवते, आणि तिला सरळ करण्यात निम्मी ताकद जाते. वल्हं फार आखूड झालं तर दर वेळी वाकावं लागतं आणि बोटं होडीच्या काठावर आपटतात.

दुसरी गोष्ट वजन. इथे जरा हिशेब करू या. निवांत वल्हवलं तरी मिनिटाला चाळीसेक हात होतात. तासाला झाले चोवीसशे. आता वल्ह्यात फक्त दोनशे ग्रॅमचा फरक असेल, तर तासाभरात तुम्ही किती जास्त उचललं? चारशे ऐंशी किलो! म्हणजे गव्हाची जवळजवळ पाच पोती. हा हिशेब मी फळ्यावर मांडला तेव्हा दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. मग एक जण हळूच म्हणाली, 'तरी मी म्हणतंय, खांदो दुकता कित्याक!'

साधी वल्ही अॅल्युमिनियमच्या दांड्याची आणि प्लॅस्टिकच्या पात्याची असतात. स्वस्त, दणकट, पण जड. किलोभर किंवा त्याहून जास्त. फायबर ग्लासची त्याहून हलकी. कार्बनची सर्वांत हलकी, सातशे ग्रॅमच्या आसपासही मिळतात, पण किंमत ऐकून हात मागे येतो. आपण मधला मार्ग धरायचा. दांडा फायबर ग्लासचा आणि पातं चांगल्या प्लॅस्टिकचं असलं, तरी मनगटाला केवढा आराम मिळतो. अॅल्युमिनियमचा दांडा उन्हात तापतो, तेही लक्षात घ्या.

तिसरं म्हणजे दांड्याची जाडी. बायकांचे हात लहान असतात, म्हणून बारीक दांड्याची वल्ही मुद्दाम बनवलेली मिळतात. ती मागून घ्यायची असतात, आपण होऊन कुणी देत नाही. हाताचा अंगठा आणि पहिलं बोट दांड्याभोवती सहज टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर मूठ सतत आवळून धरावी लागते आणि संध्याकाळी पीठ मळायलाही हात उठत नाही.

चौथं पातं. रुंद पातं जास्त पाणी ओढतं, म्हणून ते चांगलं असं दुकानदार सांगतो. तरण्या, दणकट गड्याला ते ठीक. पण तास-दीड तास वल्हवायचं असेल, वय चाळिशीचं असेल, तर अरुंद पातंच हिताचं. मोठ्या पळीने एकदाच ओतण्यापेक्षा लहान पळीने चार वेळा ओतलेलं बरं, तसं. हात जास्त वेळा फिरतात, पण प्रत्येक वेळी सांध्यावर कमी भार येतो.

आता गंमत ऐका. बहुतेक वल्ह्यांचं पातं सरळ कापलेलं नसतं, एक कड लांब आणि एक आखूड असते. आखूड कड खाली यायला हवी, म्हणजे पातं तिरकं पाण्यात शिरलं की दोन्ही बाजूंना सारखं पाणी लागतं आणि दांडा हातात फिरत नाही. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. आमच्या निम्म्या बायका वल्हं उलटं धरत होत्या, कारण कुणी सांगितलंच नव्हतं! प्रशिक्षक मुलीने सोपी खूण दिली. पात्यावर कंपनीचं नाव छापलेलं असतं. 'इंग्रजी वाचता आलं नाही तरी चालेल, अक्षरं उभी दिसली पाहिजेत. उलटी दिसली की वल्हं उलटं.' साक्षरतेचा असाही उपयोग!

शेवटचं, पात्यांचा एकमेकांशी असलेला कोन. दोन तुकड्यांच्या वल्ह्याला मध्ये जोड असतो, त्यात एक बटण आणि तीन-चार भोकं. बटण कुठल्या भोकात बसवलं त्यावर दोन्ही पाती एका रेषेत राहतात किंवा एकमेकांशी तिरकी होतात. तिरकी ठेवण्याचा फायदा असा, की वर उचललेलं पातं समोरचा वारा कापतं. पण त्यासाठी दर हाताला उजवं मनगट वळवावं लागतं. आमची वल्ही साठ अंशांवर जोडून आली होती. मनगटं सुजणार नाहीत तर काय? बटण दाबलं, शून्यावर आणलं, झालं! नव्याने शिकणारीने पाती एका रेषेतच ठेवावीत. दांड्यावर दोन्हीकडे रबराची चकती असते तीही जागेवर आहे का पाहा. तिच्यामुळे पाणी ओघळून कोपरापर्यंत येत नाही.

जातं, सारवण आणि भाकरी

माप बदललं तरी पद्धत शिकायला हवीच. आधी बसणं. पाठ ताठ, पाय पुढच्या आधाराला टेकलेले, गुडघे किंचित वाकलेले. आरामखुर्चीसारखं मागे रेललं की कंबर गेलीच म्हणून समजा.

मग पकड. वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरा. दोन्ही कोपरं काटकोनात आली की हात योग्य अंतरावर आहेत. तसेच खाली आणा. पकड सैल, कपाचा कान धरतो तशी. बोटांची पेरं पांढरी पडली तर समजा की तुम्ही वल्ह्याशी भांडता आहात.

पुढे जाण्याचा हात हा सगळ्याचा पाया. पातं पायाच्या बोटांशेजारी पाण्यात घालायचं, पूर्ण बुडवायचं, पण दांडा नाही बुडवायचा. होडीच्या कडेने मागे आणायचं आणि कमरेशी आलं की बाहेर काढायचं. कमरेच्या मागे नेलं तर ते पाणी वर उचलतं आणि होडीचा वेगच कमी होतो. आणि जोर दंडातून नाही, कमरेतून! आमच्या बायकांना हे कितीदा सांगूनही वळेना. शेवटी थोरल्या वैनींनी सोडवलं. म्हणाल्या, 'अगो, जात्यार बसल्यासारख्या बसा!' आणि क्षणात सगळ्यांना उमगलं. जात्यावर दळताना हात खुंट्याला नुसता धरलेला असतो, फिरतं ते अंग. नुसत्या हाताने ओढणारी पायलीभरही दळू शकत नाही. तसंच इथे. उजवीकडे पातं घालताना उजवा खांदा पुढे, डावा मागे, आणि मग सगळं अंग वळवत ओढायचं. त्याच वेळी वरचा हात हलकेच पुढे ढकलतो, पण डोळ्यांच्या वर जात नाही. पाय ज्या बाजूने ओढतो त्या बाजूचा दाबायचा.

होडी वळवायची कशी? अंगण सारवताना हात जसा मोठा अर्धगोल फिरतो, तसंच पातं फिरवायचं. पायाशी सुरू करून दूरवरून गोल फिरवत मागच्या टोकापर्यंत. उजवीकडे असा हात मारला की होडी डावीकडे वळते. पहिले काही दिवस हे उलटं वाटतं, मग अंगवळणी पडतं. थांबायचं असेल तर पातं कमरेशेजारी पाण्यात उभं धरून, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, थोडं थोडं मागून पुढे दाबायचं. एकाच बाजूला जोरात दाबलं की होडी गर्रकन फिरते. धक्क्याच्या बाजूला सरकायचं असेल तर पातं त्या बाजूला लांब टाकायचं आणि विहिरीतली कळशी गळाने जवळ ओढतो तसं स्वतःकडे ओढायचं.

आणि तोल गेला तर? पात्याची पाठ पाण्यावर सपाट आपटायची, भाकरी थापतो तशी. कोपर वर, हात खाली, खांद्याच्या रेषेच्या मागे हात जाऊ द्यायचा नाही. पाणी क्षणभर फरशीसारखं घट्ट लागतं. त्या क्षणात कमरेने होडी सरळ करायची. हे कमरेएवढ्या पाण्यात पन्नास वेळा करून मगच पुढे जा.

पडायला शिका!

हो, आधी पडायला शिका. भीती पडण्याची नसते, पडल्यावर काय करायचं हे ठाऊक नसण्याची असते. आपल्याकडे वापरतात त्या वर उघड्या बसायच्या होड्या उलटल्या तरी बुडत नाहीत. होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटायचं नाही. होडी धरायची, पालथी असेल तर पलीकडची कड ओढून सुलटी करायची. मग बाजूने पाय मारत पोटावर वर यायचं, वळून बूड टेकवायचं आणि शेवटी पाय आत घ्यायचे. 'पोट, बूड, पाय' हा मंत्र आमच्या बायकांनी हसत हसत पाठ केला. पहिल्यांदा जमलं तेव्हा पासष्टीच्या काकींनी पाण्यातच टाळ्या वाजवल्या. आत शिरून बसायच्या कयाकची गोष्ट मात्र निराळी. त्यातून पाण्याखाली बाहेर निघायचं तंत्र जाणकाराकडूनच शिकायचं.

लाइफ जॅकेटशिवाय पाऊलही टाकायचं नाही. पोहता येत असलं तरी नाही. पट्टे बांधून झाले की मैत्रिणीला दोन्ही खांद्यांजवळून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत आलं तर ढिलं आहे. जॅकेटही वल्ह्यासारखंच मापाचं हवं. शिट्टी त्यालाच अडकवलेली असावी.

कपड्यांवरून आमच्याकडे दोन बैठका झाल्या! साडी पाण्यात पायांत गुंडाळते, ओढणी गळ्याला. अंगाला बसणारी लेगिंग आणि पूर्ण बाहीचा टी-शर्ट हे सुरक्षित, उन्हापासूनही बचाव. सुरुवातीला सासवांनी तोंडं फिरवली, पण 'जीव मोठा की काष्टा?' असं एका सासूबाईंनीच विचारलं आणि विषय संपला.

आता पाण्याचं वेळापत्रक. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. कोकणातली जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीच्या वेळेचा अंदाज काढतात. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. हा ढोबळ अंदाज, जागेप्रमाणे मागेपुढे होतो, म्हणून छापील तक्ता बघावाच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि पाण्याची ओढ जास्त. ओहोटी लागलेली असताना खाडीच्या मुखाकडे जायचं नाही, हा नियम काळ्या दगडावरची रेघ समजा. सकाळचं पाणी शांत असतं, दुपारी खारा वारा सुटतो. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध जा म्हणजे परतताना, दमलेली असताना, वारा पाठीशी राहतो. अनोळखी पाण्यात स्थानिकांना विचारल्याशिवाय उतरू नका. गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्यात तर मगरी आहेत! पावसाळ्यात, म्हणजे मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंदच असतात. आणि खांदा आखडलेला असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

'हे आता या वयात?'

असं विचारणाऱ्यांना मी एका मुलीची गोष्ट सांगते. ग्वाल्हेरची प्राची यादव. कमरेखाली अपंगत्व. आधी पोहायची, मग भोपाळच्या तलावात वल्हं हातात घेतलं. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये या खेळातली पहिली भारतीय खेळाडू म्हणून ती उतरली आणि अंतिम फेरीत आठवी आली. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने कयाकमध्ये सुवर्ण आणि दुसऱ्या प्रकारच्या होडीत रौप्यपदक मिळवलं. आपण मात्र गुडघे दुखतात म्हणून सोसायटीच्या बागेतही जात नाही!

तसं पाहिलं तर बायकांना हे वल्हं सहजासहजी कुणी दिलेलं नाही. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या कयाक शर्यती १९३६ ला बर्लिनमध्ये आल्या. बायकांची पहिली शर्यत १९४८ ला लंडनमध्ये, आणि तीही एकच. एका पात्याच्या वल्ह्याने चालवायच्या होडीच्या, म्हणजे कनूच्या, शर्यतीत तर बायकांना २०२१ पर्यंत थांबावं लागलं. 'झेपणार नाही' हे शब्द किती भाषांत बोलले गेले असतील, देव जाणे.

आमच्या गटाचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. पुरवठादाराने बरीच घासाघीस करून अर्धी वल्ही बदलून दिली, २३० सेंटिमीटरची, बारीक दांड्याची. उरलेल्यांसाठी गटाने भिशीचे पैसे घातले. जी लांब वल्ही राहिली ती उंच पर्यटकांना देतात, वाया काहीच गेलं नाही. कंत्राटाचा प्रस्ताव पुन्हा बैठकीत आला नाही. सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली, दुसरी नाही आली. तिचा खांदा तोवर फारच बिघडला होता. तिला पाहिलं की वाटतं, तो दांडा दोन महिने आधी कुणी मोजला असता तर? हप्ता मात्र मोसमभर एकदाही चुकला नाही.

तुमच्या गावात खाडी नसेल, तलाव असेल. तलावही नसेल, तर शेत असेल, शिवणयंत्र असेल, विळा-कोयता असेल. हातात येणारं जवळजवळ प्रत्येक हत्यार कुणा दुसऱ्याच्या मापाचं असतं, आणि ते जमलं नाही की आपण म्हणतो, 'मलाच येत नाही.' म्हणून मैत्रिणींनो, एवढंच करा. पुढच्या वेळी हात दुखले की औषधाची बाटली शोधण्याआधी हातातली वस्तू नीट पाहा. तिची लांबी मोजा, वजन करा, मुठीत धरून बघा. आणि दुकानात गेलात की न लाजता सांगा, 'हे नको. माझ्या मापाचं दाखवा!'